जळक्या मोटारीचा धूर

अमरीनले ‘पाच एचपी’ हे नाव मीच ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढचं सांगाले जरा सोपं जाईन.

माहं दुकान अकोल्यात, मोटार वाइंडिंगचं. कास्तकाराच्या इहिरीवरची मोटार जळली की ती माह्याकडे येते. बाळापूर, पातूर, कुठून कुठून येतात. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याले पानी सुरू झालं की होल्टेज पडते अन् मोटारी पटापट जळतात. डिसेंबर-जानेवारीत माह्या दुकानापुढे मोटारीची अशी लाइन लागते जशी सरकारी दवाखान्यात पेशंटायची. लोक हिवाळ्यात स्वेटर काढतात, मी पक्कड काढतो.

जळलेल्या मोटारीतून जुना तांब्याचा तार काढाचा म्हंजे डोकेदुखी असते. वार्निशनं तो आतमंदी असा चिकटून बसलेला असते की हलत नाई. मंग आमी काय करतो, दुकानाच्या मांगं मोटारीची बॉडी आडवी ठेवतो, आत जुनं ऑइल, चिंध्या, फाटलेली चप्पल, जे हाती लागन ते कोंबतो अन् काडी लावतो. वार्निश जळून जाते. थंडं झालं की तार शिजलेल्या हाडावरच्या मटणासारखा सर्रकन निघते. सगळे असंच करतात. माह्या बापानंही असंच केलं.

दुकानाच्या मांगं वकारभाईचं घर. वकारभाई टेलर, शाळेचे ड्रेस शिवते. त्याची बायको नईमाभाबी अन् एकच पोरगी, अमरीन. अकरा वर्षाची, सहावीत. आंगानं भरलेली. दोन वर्षापूर्वी मी एक पाच एचपीची मोटार साखळीनं उचलून राहिलो होतो अन् ही बापासाठी माह्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मांगाले आली. मी मोठ्यानं म्हनलं, “वकारभाई, तुमी काहून मोटार पाठवली? माह्याकडे एक पाच एचपी हाय ना आधीच!”

गल्ली हसली. वकार हसला. अमरीनही हसली. ती हसली म्हून मी समजलो, चालते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोट्ट्यायनं तेच नाव धरलं, मंग शाळेत गेलं.

मले गल्लीत कोनी सिरियसली घेत नाई, अन् मलेही ते आवडत होतं. एक डाव मी नुसतं ओरडलो, “लाइनवाल्यायची गाडी आली वं!” तर दोन मिनिटात अख्ख्या गल्लीनं तारावरचे चोरीच्या लाइटीचे आकडे काढून घेतले. गोदाबाई तर स्टुलावर चढली, अन् उतरता येईना म्हून तिथूनच मले शिव्या देत राहिली. असे शंभर किस्से हायेत. लोक मले चहा पाजत ते किस्से आइकाले.

धुराचंही तसंच. कोनी बोललं की मी हसवून मोकळा. गोदाबाई खोकत खोकत दारात आली, “उद्धव, जीव घेशील का बे?” तर मी म्हनो, “आत्या, मच्छर मारून राहिलो फुकटात. बिल नाई पाठवत तुमाले, हे पाहा.” गोदाबाई हसे, खोके अन् खिडकी लावून घे. नईमाभाबी म्हने, “उद्धवभाऊ, कपडे काळे होऊन राहिले.” मी म्हनो, “भाबी, वकारभाईले सांगा, काळ्या रंगाचे ड्रेस शिवा, शाळा बदला.” ती बी हसे. मोटार जळत राहे.

मांगच्या नवंबरात अमरावतीहून एक डॉक्टरीण आली. देवश्री म्याडम. वय असन तीसच्या आसपास, चष्मा, पाठीवर दफ्तर. तिचं लहान पोरायवर काहीतरी संशोधन होतं. आमच्या गल्लीतले अकरा पोट्टे घेतले अन् तिकडे अमरावतीजवळच्या वलगावचे तेवढेच, ताडून पाहाले. वजन, उंची, कंबर, उपाशीपोटी रक्त. अन् वकारभाईच्या मांगच्या खिडकीवर एक पांढरा डबा बसवला. त्या डब्यात पंखा होता, तो हवा ओढे अन् तिच्यातली बारीक धूळ मोजे. आकडा थेट म्याडमच्या मोबाइलवर, अमरावतीले.

वकारभाईच्या दुकानात तिनं सगळ्यायले बसवून समजावून सांग्तलं.

“ही धूळ इतकी बारीक असते की फुफ्फुसातून थेट रक्तात जाते. काही शहरांत असं दिसलंय की अशा हवेत वाढणाऱ्या मुलांच्या शरीराला साखर नीट वापरता येत नाही. आपल्याकडे तसं आहे का, हे पाहायचंय.”

मी म्हनलं, “म्हंजे म्याडम, नुसती हवा खाल्ली तरी पोट सुटते?”

लोक फुटले. तीही हसली. “थोडंसं तसंच समजा, काका.”

मंग ती एकेका पोट्ट्याले पाहत अमरीनपाशी आली. ओढनी बाजूले करून तिनं मान पाहली. मानेवर मांगून काळा पट्टा होता, मखमलीसारखा.

नईमाभाबी म्हनली, “रोज घासते म्याडम. बेसन लावलं, लिंबू लावलं, ह्या पोरीच्या मानीचा मळच निघत नाई.”

“भाबी, ते ग्रीस हाय,” मी म्हनलं. “माह्याकडून डिझेल घेऊन जा.”

आता मातर म्याडम हसली नाई. “हा मळ नाहीये. घासू नका तिला. रक्त आलं की बोलू.”

अमरीननं ओढनी मानीवर घट्ट गुंडाळून घेतली. त्या दिवसापासून मी तिले उघड्या मानीनं पाह्यलं नाई.

रिपोर्ट आला. साखर अजून बरोबर होती, पन ती बरोबर ठेवासाठी तिच्या शरीराले इन्सुलिन तिप्पट लागून राहिलं होतं. मानीवरचा काळा पट्टाही त्याचाच. लोकायले हे समजत नव्हतं, मले चटकन समजलं. होल्टेज कमी पडलं की मोटार थांबत नाई, जास्त करंट ओढते अन् चालत राहते. बाहेरून पाहनाराले वाटते, काय मस्त चालून राहिली. आतून ती तापत असते. मीच वकारभाईले हे उदाहरन देऊन समजावलं अन् समजावता समजावता वाहवा घेतली. अशी मोटार पुढे कोनाच्या दुकानात येते, हे मले माहीत होतं. तरी माह्या डोस्क्यात उजेड पडला नाई.

म्याडमनं बजावलं होतं, पोरीले उपाशी ठेवू नका. जानेवारीत दुसरी तपासनी होईन, नागपूरहून पोरायच्या हार्मोनचे मोठे डॉक्टर अमरावतीले येनार हायेत, ते या संशोधनातल्या पोरायले पाहतीन, तेव्हा काय खावाचं काय नाई ते ठरवू. पन वकार पडला टेलर. दर शुक्करवारी नमाजाले जायच्या आधी तो गळ्यातला टेप काढे अन् पोरीची कंबर मोजे. अर्धा इंच वाढली की एक पोळी कमी. नईमाभाबी माह्या बायकोजवळ, चारुशीलेजवळ रडे, “चारच्या दोन केल्या भाबी, दोनची दीड. पोरीले म्हंते, तुहं तोंडच बिमारी हाय. म्या किती सांगू, ते डॉक्टर येऊ द्या, कागदावर लिहून देतीन की हे नुसत्या खाण्यानं नाई. मंग तरी ह्या मानसाचा टेप उतरन गळ्यातून.”

तर नईमाभाबीचं सगळं त्या जानेवारीच्या तारखेवर टांगलेलं होतं. हे मले माहीत होतं. चारुशीलानं मले जेवता जेवता सांग्तलं होतं.

तरी मी तो डबा पाहला अन् माहे हात शिवशिवले.

सकाळी सातचा टाइम. मी चारुशीलेच्या देवघरातून अगरबत्तीचा अख्खा पुडा घेतला, पेटवला, अन् मांगून स्टुलावर चढून डब्याच्या नाकाखाली धरला. मोजून पाच मिनिटं. तिकडे अमरावतीले म्याडमच्या मोबाइलवर नऊशेचा आकडा गेला. तिनं घाबरून नईमाभाबीले फोन केला, “घराला आग लागलीय का?” नईमाभाबी बादली घेऊन बाहेर पळाली. आग कुठंच नाई म्हून इकडेतिकडे पाहून राहिली, तेवढ्यात गोपाल चहावाला समोरून चार ग्लास घेऊन येत होता. घाबऱ्याघाबऱ्या भाबीनं बादली त्याच्यावरच उपडी केली. मी दुकानात खाली बसून, तोंडात बोळा कोंबून हसलो. दिवसभर गल्लीत तेच.

ते एवढं गोड लागलं की आनखी दोनदा केलं. तिसऱ्या डावाले तर डब्याले निंबू-मिरची बांधून दिली. म्हनलं, मशीनले नजर नाई लागाले पायजे.

दोन दिवसांनी म्याडम स्वतःच आली. सकाळच्या गाडीनं, शंभर किलोमीटर. स्टूल मांगून घेतला, चढली, अन् डब्याच्या मांगून अगरबत्तीच्या जळक्या काड्या काढल्या. मंग निंबू-मिरची. हातात धरून उभी राहिली.

“हे कोणी केलं?”

गल्ली गोळा झाली होती. मी पक्कड घेऊन माह्या दुकानाच्या मांगच्या दारात.

“हे बघा,” म्याडम म्हनली, “मला रागवायचं नाहीये. पण आकड्यांत अशी भेसळ झाली तर खरं कोणतं अन् खोटं कोणतं, मला कळणार कसं? माझे गाईड सर म्हणाले, या गल्लीचं सगळं वगळा. अकराही मुलं. मी डबा काढून नेते.”

नईमाभाबीनं तिचा हात धरला. “अन् जानेवारी? ते नागपूरचे डॉक्टर?”

“ते संशोधनातल्या मुलांसाठीच येतायत, ताई. मी विनंती करून बघीन. शब्द नाही देत.”

वकार इतका वेळ डब्याकडे पाहत होता. डबा त्याच्याच खिडकीवर. तो वळला. “अमरीन! तूनेच किया ना? सुई से डरती है ना तू?”

“नाई अब्बू.”

“निंबू-मिरची भी? शरम नाई आई?”

“अल्ला कसम अब्बू, म्या नाई केलं.”

ती खिडकीच्या आत उभी होती. तिनं एकदा माह्याकडे पाह्यलं अन् खाली पाह्यलं. मले वाटलं, ती मले म्हून राहिली, चाचा तुमी तरी सांगा की मी चांगली पोरगी हाय. मी सांगू शकत होतो. दोनच शब्दाचं काम होतं, ‘मी केलं’. एरवी माही जीभ दिवसभर चालते, तिले तेल लागत नाई. तेव्हा ती तोंडात अशी पडून राहिली जशी जाम झालेली बेअरिंग.

वकार म्हनला, “आज से इसकी रोटी बंद.” कोनीतरी हसलं. कोनी हसलं नसतं तर बरं झालं असतं, कारन मीच त्यायले हसाले शिकवलं होतं.

म्याडम डबा घेऊन गेली. मी दुकानात आलो अन् काम केलं. चार वाजता मांगं दोन मोटारी जाळल्या.

तिसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या टायमाले अमरीन चक्कर येऊन पडली. पोरायनं उचलून आनली. सकाळपासून पोटात कपभर चहा.

चारुशीला तिले पाहून सरळ घरी आली. मी जेवून राहिलो होतो. तिनं देवघर उघडलं, रिकामा पुडा आनला अन् माह्या ताटाच्या बाजूले ठेवला. तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हनली नव्हती.

“ती पोरगी उपाशी पडली,” ती म्हनली. “तुमाले घास जाते कसा?”

“मी काय तिले उपाशी ठेवलं?”

“मंग कोनं ठेवलं?”

“वकारनं.”

“वकारनं तुमचा गुन्हा तिच्यावर टाकला तेव्हा तुमी कुठं होते? दारात होते. म्या पाह्यलं.”

मी म्हनलं, म्याडमले फोन करतो. केला. म्हनलं, “म्याडम, मी उद्धव बोलून राहिलो, वाइंडिंगवाला. अगरबत्ती मी लावली होती.” मंग ती म्हनली, “काका, माझी आता गंमत ऐकायची मनःस्थिती नाहीये.” फोन ठेवला.

चारुशीलेनं आइकलं. “झालं? आता खरं बोलासाठीही तुमाले तिकीट काढा लागते. उद्या पहिल्या गाडीनं जा.”

बसमंदी मी तोंड शिवून बसलो. बाजूच्यानं मूर्तिजापूरले इचारलं, “कुठं चालले भाऊ?” एरवी मी त्याले सांग्तलं असतं की बापाले पोरगी पाहाले चाललो. म्हनलं, “अमरावती.” बस. तो झोपून गेला.

दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती, उलिशी, दोन खुर्च्या मावतीन एवढी. टेबलावर आमचाच डबा. मले पाहून ती उभी राहिली, तिले वाटलं असन की आता हा काहीतरी सापबीप काढते खिशातून. मी बसलोच नाई. सगळं सांग्तलं, पहिल्या पुड्यापासून निंबू-मिरचीपर्यंत. अमरीननं काही केलं नाई, हे दोनदा सांग्तलं.

“तारखा आठवतात?”

“सात, बारा, एकोनीस. सकाळी सात, पाच-पाच मिनिटं. त्याच्यावर कधी नाई.”

तिनं कॉम्प्युटर माह्याकडे फिरवला. डिसेंबरचा आलेख होता, अख्ख्या महिन्याची एक रेघ. तीन जागी रेघ बाभळीच्या काट्यासारखी सरळ वर गेलेली. तिनं त्या तीन जागा पुसल्या. मले बरं वाटलं. म्हनलं, झालं, उद्धव सुटला.

“आता हे बघा,” ती म्हनली. “मला हेच कळत नव्हतं. सगळ्या भेसळीमुळे मी हेही खोटंच धरलं होतं. रोज संध्याकाळी चार ते सहा. तुमच्या अगरबत्तीचं टोक उंच आहे, पण पाच मिनिटांचं. हे रोज दोन तास. आणि फक्त आठवड्यातून एक दिवस नाही. तिथं रेघ सपाट आहे.”

तिनं बोट ठेवलं. मंग दुसऱ्या आठवड्यावर. मंग तिसऱ्या.

“कोणता वार आहे हा, काका?”

मले वार पाहा लागला नाई. रविवारी माहं दुकान बंद असते.

मी त्या रेघीकडे पाहत राहिलो. सोमवार, मंगळवार, बुधवार, पाच-सहा डोंगर, अन् रविवारी मैदान. मंग पुन्हा डोंगर. त्या खिडकीत अमरीन चार वाजता शाळेतून येऊन बसते, बापाचे काज-बटन करते अन् तिथंच अभ्यास करते. थंडी म्हून खिडकी लावत नाई, कारन आतमंदी उजेड नाई.

म्याडम वाट पाहून राहिली होती. तिले माहीत नव्हतं. अकोल्यातल्या गल्लीत चार ते सहा कोन काय जाळते, हे अमरावतीच्या डॉक्टरनीले कसं माहीत असन? मी म्हनू शकत होतो, तिकडे कचरा जाळतात. तिनं मानलं असतं. माह्या डोस्क्यात हे आलं, हेही सांगतो. पुरं वाक्य बनून आलं होतं, ‘महापालिकेचा कचरा असन म्याडम’, अन् त्याच्यामांगं एक जोकही तयार होता.

“ते खरं हाय,” मी म्हनलं. “ते मी.”

मंग सांग्तलं, मोटार कशी जाळतो, त्यात काय काय कोंबतो. फाटक्या चपलेचंही सांग्तलं. ती लिहून घेत होती. मान वर न करता तिनं इचारलं, “किती वर्षं?”

“त्या जागी अकरा-बारा वर्षं.”

म्हंजे अमरीन झाली तेव्हापासून. हे तिनं म्हनलं नाई. मीच मनात मोजलं.

“म्याडम, त्या पोरीले जे झालं, ते माह्यानं झालं का?”

तिनं पेन ठेवला. “एका गल्लीवरून, एका मुलीवरून मी असं म्हणू शकत नाही. तुमच्याकडे रस्ता आहे, गाड्या आहेत. खाणं असतं, घराण्यात शुगर असते. इतकी कारणं असतात.”

मी ते वाक्य असं पकडलं जसं बुडनारा मानूस दोर पकडते. तर ती पुढे म्हनली, “पण तुमच्यामुळे नाही झालं, असंही मी म्हणू शकत नाही, काका.”

तिनं सरायले फोन लावला. सर म्हनले, लेखी द्या, सही द्या, तारखा अन् वेळा टाका, तेवढं वगळून बाकीचं ठेवता येईन. अकराही पोट्टे पुन्हा आत. मी लिहून दिलं. मराठीत, स्वतःच्या हातानं. ‘धंदा’ लिहाच्या जागी हात थांबला. मंग लिहिलं, जळक्या मोटारी दुरुस्त करने, त्याच्या आधी त्या अजून जाळने. म्याडमनं वाचलं, म्हनली, “एवढंच ठेवा, ‘मोटार वाइंडिंग’.” मी जोक केला नव्हता. तिले तो जोक वाटला.

चार वाजता अकोल्यात उतरलो अन् सरळ वकारभाईच्या दुकानात. तो मशीनवर होता, भाबी काज करून राहिली होती. मी उभ्यानंच सांग्तलं.

वकार हसला. “छोड ना यार उद्धव. आता कोनती टोपी घालून राहिला?”

“टोपी नाई वकारभाई. अगरबत्ती मी लावली. अमरीननं नाई.”

“हाँ, अन् मी लाल किल्ला बांधला.” त्यानं मशीनचं पॅडल मारलं. दोन टाके पडले. मंग त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् पाय थांबवला.

मी पुढचं सांग्तलं, चार ते सहाचं, रविवारचं. जानेवारीची तारीख कायम हाय, हेही. वकारनं गळ्यातला टेप काढला, बोटाले गुंडाळत राहिला, सोडत राहिला. तो मले मारन असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हनला, “म्या तिले दोन दिवस…” अन् टेप मशीनवर ठेवून दिला.

नईमाभाबी मातर बोलली. हळू बोलली, तिचा आवाज मी तेवढा हळू कधी आइकला नाई.

“धूर तर आमालेबी दिसत होता, भाऊ. नाकात जात होता. पन म्या बोलाले आली की तुमी हसवत. मानूस हसला की मंग त्याच्यानं भांडन होते का? म्या घरात जाऊन खिडकी पुसत बसे.”



“अमरीननं तुमाले पाह्यलं होतं,” ती म्हनली. “पहिल्याच दिवशी. स्टुलावर. काल बोलली मले, चक्कर येऊन पडली त्याच्यावर. म्या म्हनलं, बापाले काहून नाई सांग्तलं वं? तर म्हने, अम्मी, सांग्तलं तर चाचा आनखी एक नाव ठेवतीन.”

म्हंजे खिडकीतून तिनं मले पाह्यलं, ते मदतीसाठी नव्हतं. ती माह्याकडून काही मांगत नव्हती. ती मले भेत होती.

“आता जाळनार नाई भाबी,” मी म्हनलं. “छन्नीनं तोडून, वढून काढीन तार.”

“असाबी निंगते का?”

“निंगते.”

“मंग आधी काहून नाई काढला?”

“टाइम लागते.”

“किती?”

“एका मोटारीले दोन घंटे जास्त.”

“दोन घंटे,” ती म्हनली. तिनं हातातला काजाचा धागा दातानं तोडला अन् दुसरा ववाले घेतला.

वकार उठला. आत ओरडून म्हनला, “अमरीन, खाना खा ले बेटी. पूरा खा.” मंग मलेच म्हनला, “बोलाचं हाय का तिच्यासंगं? जा. तुमीच बोला. म्या नाई बोलू शकत आज.”

मी पडदा सारला. अमरीन खाली पाटावर बसली होती, पुढे ताट. तीन पोळ्या, आलूची भाजी, वाटीत वरन. तिनं पहिला घास तोंडात घेतलेला. मी दिसलो अन् तिचा जबडा थांबला. मंग तिनं काय केलं, ताट हळूच वढलं अन् शिवनाच्या कपड्याच्या गठ्ठ्यामांगं सरकवलं. वरून एक न शिवलेली पँट टाकली. अन् हात मांडीवर ठेवून, तोंडातला घास तसाच गालात धरून, माह्याकडे पाहत बसली. मी काय म्हन्तो याची वाट पाहत.

मी बसमंदी पाच-सहा वाक्यं पाठ करून आलो होतो. एकही निंगालं नाई. मी तिथं उभा हाय तोवर ही पोरगी तो घास गिळनार नाई, एवढं मातर समजलं.

पडदा सोडला अन् बाहेर आलो. वकारनं इचारलं, “बोलले?”

“नाई,” मी म्हनलं. “जेवू द्या तिले.”